फोटोची डावी कड

मी शहाद्यात अकरावी-बारावीच्या मुलांना भूगोल शिकवते. पुस्तकात पठाराचं चित्र परक्या देशातलं असतं, आणि आमच्या मुलांना घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. मग त्यातल्या तोरणमाळच्या पठाराचाच फोटो वर्गात का दाखवू नये, असं वाटून मी कॅमेरा घेतला. वर्षभरात त्याचा नादच लागला. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स अपुरी पडायला लागली आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये मी एका प्रश्नावर अडून बसले: वाइड घ्यायची की टेलि?

दोन्ही एकदम घेणं शक्य नव्हतं. सोळा-पस्तीस मिलिमीटरच्या वाइडमध्ये पायाजवळच्या दगडापासून आभाळापर्यंत सगळं मावतं, पण लांबचा डोंगर बारीक होतो, क्षितिजावर नुसती रेघ उरते. सत्तर-दोनशेची टेलि तोच डोंगर ओढून समोर आणते. एकामागे एक रांगा दिसतात, पुढची गडद, मागची फिकट. मी मोबाइलवर दोन्हींचे फोटो बघत बसायची. यजमान म्हणायचे, "एकदा दोन्ही घेऊन डोंगरावर जा आणि काय तो निकाल लाव."

टेलि नंदुरबारच्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून एका दिवसासाठी भाड्याने मिळाली. वाइड मात्र माझ्या ओळखीत एकाच माणसाकडे होती.

ते माझे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी, धानोऱ्याला जाऊन राहिले. आयुष्यभर त्यांनी आम्हा मुलांकडून निसर्गचित्रं काढून घेतली, स्वतःला मात्र कधी पुरेसा वेळ मिळाला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला, आणि त्यानंतर ही सोळा-पस्तीस. घरातल्या कुठल्याही वस्तूला ते इतकं जपत नव्हते. मऊ कापडात गुंडाळून, डब्यात घालून, तो डबा कपाटात. शेतं, नदीचं पात्र, नंदुरबारबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या लालभडक पथाऱ्या, सगळं त्यांनी त्याच लेन्समधून काढलं होतं.

वर्गात सर शुद्ध मराठीत बोलायचे, घरी अहिराणीत. मी मात्र जुन्या सवयीने त्यांच्याशी अजूनही शाळेतलीच मराठी बोलते. त्या शनिवारी मी धानोऱ्याला गेले, चाचरत विषय काढला. ते उठले आणि डबाच माझ्या हातात दिला.

"ले बेटा, लई जाय. तोरणमायले जाई ऱ्हायनी ना? तठे गयी का समजी जाई तुले."

"सर, जपून वापरते."

"मन्ही शे म्हणीसन घाबरू नको. वापर." मग त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं, "हे बघ, वाइड लावलीस की आधी पायाखाली बघायचं. आपण उभे असतो ती जागापण फोटोत येते. टेलिवाल्याला ते लपवता येतं."

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाटेत खा म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी एकटीच गाडी घेऊन निघाले. घाट चढून वर पोहोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं. दरीच्या तोंडाशी एक सपाट खडक आहे, तिथे मी कॅमेऱ्याची तिवई मांडली. थोड्या अंतरावर एक पावरा आदिवासी बाई सीताफळांची टोपली घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती. चाळिशीची असेल. माझ्या तिवईकडे ती मोठ्या कुतूहलाने बघत होती.

आधी वाइड लावली. खडकावरचं शेवाळ, गवत, दरी, पलीकडची भिंत, वरचं आभाळ. पहिला फोटो मोठा करून बघितला तर डाव्या कोपऱ्यातली गवताची काडीन् काडी मोजता येत होती, उजव्याही. मग त्याच जागेवरून टेलिने काढायचं ठरवलं. वाइड उतरवली, मागे झाकण लावलं आणि खडकावर ठेवली. पिशवीत ठेवायला हवी होती. पिशवी चार पावलांवर होती. उजेड बदलत होता, मला घाई झाली होती, एवढंच कारण.

टेलि जड. ती लावून तिवई वळवली तेव्हा तिवईचा पाय लेन्सला लागला. लेन्स आडवी झाली आणि खडकाच्या उतारावरून घरंगळली. आधी हळू, मग एकदम. दोन माणसांच्या उंचीवरून खाली दगडगवतात पडल्याचा आवाज आला. मी नुसती उभी राहिले.

ती बाई उठली. अनवाणीच, कडेच्या वाटेने भराभरा खाली उतरली. गवतात हात घालून लेन्स शोधली, पदराने पुसली आणि वर येऊन दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"फुटलं नाय ताई. आख्खं हाय," ती हसून म्हणाली.

खरंच आख्खं होतं. पुढे लावलेल्या प्लॅस्टिकच्या टोपावर एक ओरखडा, बाकी काही नाही. काच स्वच्छ. मी तिची सगळी टोपली घेतली. ती म्हणाली, "एवढी कशाला?" पण आनंदली. मी परत वाइड लावून एक फोटो काढला. छोट्या पडद्यावर चांगला दिसला. माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी घरी संगणकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एक पडण्याआधीचा, एक नंतरचा. जागा तीच, उंची तीच. नंतरच्या फोटोत उजवी बाजू लख्ख होती. डावीकडे गवताच्या काड्या एकमेकींत मिसळल्या होत्या, ओल्या बोटाने पुसल्यासारख्या. मी बराच वेळ दोन्ही मोठे करत राहिले. म्हटलं वारा असेल. म्हटलं तिवई हलली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी घराच्या कुंपणाच्या विटांच्या भिंतीचे फोटो काढले. लेन्स तपासायची ही सगळ्यात सोपी रीत. विटा सरळ, सारख्या, वाऱ्याने हलत नाहीत. फोटोत मधल्या विटांचे कंगोरे दिसत होते, उजवीकडचेही. डावीकडच्या विटा लोण्यासारख्या. आतली एखादी काच जागेवरून किंचित सरकली होती. आता वाऱ्याचं कारण उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी रोज ठरवत होते की सरांना फोन करायचा. फोनवर नको, प्रत्यक्ष सांगू, असं म्हणून शनिवारपर्यंत ढकललं. शनिवारी प्रकाशा गावचा नदीवरचा पूल ओलांडताना वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती: सर, माझ्या हातून चूक झाली, दुरुस्तीचं मी बघते.

धानोऱ्याला पोहोचले तर घरी पाहुणे होते. सरांचे व्याही आणि त्यांच्या घरचे. मी आत शिरताच सर त्यांना म्हणाले, "हाई मन्ही विद्यार्थिनी. तोरणमायना फोटू काढीसन उनी." मग मला मोबाइल काढायला लावला. मी फोटो दाखवले. दाखवताना लक्षात आलं की मी वाइडचा पडण्याआधीचाच फोटो दाखवते आहे. दुसरा मी बोटाने सरकवून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला.

"कशी वाटनी लेन्स?" सरांनी विचारलं.

"छान आहे सर. पण मला वाटतं मी टेलिच घेईन."

"तुन्ही मर्जी," सर हसले आणि माझ्याकडून डबा घेऊन कपाटात ठेवायला आत गेले.

पाहुण्यांपुढे कसं सांगायचं, असं मी स्वतःला बजावलं. पुढे पाहुणे नसतानाही मी दोनदा गेले. तेव्हाही सांगितलं नाही. खोटं बोलायला लागलं नाही म्हणून मला ते खोटं वाटतही नव्हतं. सर विचारत नव्हते, मी बोलत नव्हते.

टेलि घेतली. दरीपलीकडच्या सात रांगांचा एक फोटो कॉलेजने मोठा करून जिन्यापाशी लावला. येता-जाता मुलं माझं कौतुक करायची. मी त्या जिन्याने जायचं टाळायला लागले, लांबच्या जिन्याने वर्गात जायची.

डिसेंबरात सरांचा फोन आला. ते मिरच्यांच्या पथाऱ्यांचे फोटो काढून आले होते.

"बेटा, डावीकडलं माले धुसर दिसी ऱ्हायनं. तुन्ही काकूले दोन्ही बाजू सारख्याच दिसतस. मन्हाच डोया बिघडना वाटतं."

तेव्हा सांगायचं होतं. इतकी सरळ संधी कुणाला मिळत नाही. माझ्या हातात खडू होता, वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते, आत मुलं गोंगाट करत होती. मी म्हणाले,

"सर, डोळे एकदा तपासून घ्या."

हे वाक्य मी म्हटलं. आजही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं, काळजीच्या सुरात. पडलं ते हातून पडलं, चूक कुणाच्याही हातून होते. पण हे मी बोलले. समजून उमजून.

सर नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात असतेच, घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल. पण सर थांबायला तयार नव्हते. फोटो नीट दिसले पाहिजेत, एवढंच त्यांच्या डोक्यात. फेब्रुवारीत त्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. काकूंनी मला आदल्या दिवशी फोन करून कळवलं. मी म्हणाले, "काळजी करू नका, हल्ली सोपं असतं." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवसांनी यजमानांनी विचारलं काय झालंय, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून त्यांचा डोळा परत येणार आहे का?" त्यांचा हेतू चांगला होता. मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मग लाज वाटली.

मार्चच्या सुरुवातीला सरांना बघायला गेले. काळा चष्मा गेला होता, डोळा चांगला बरा झाला होता. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं त्यांनी मला वाचून दाखवली. मग हसू मावळलं.

"फोटू तरी तसाच येस. पहिले थोडं धुसर दिसे, आते ते धुसर मोठं साफ दिसस." स्वतःच्याच बोलण्यावर ते थोडं हसले. "डोयाना दोष नही. मन्हा हातच कापतस आते, दुसरं काय."

त्यांनी हात पुढे करून दाखवले. हात कापत नव्हते. चित्रकलेच्या शिक्षकाचे हात, बोटं स्थिर.

मग ते उठले, कपाट उघडलं आणि तो डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"हाई तू ठेव. मन्हाकडे पडीसन ऱ्हाई त खराब व्हई जाई. तुन्हा कामनी शे."

मला तो डबा हातात धरवेना, मी तो टेबलावर ठेवला. काकू चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. मी म्हणाले, "सर, तुमचे हात कापत नाहीत. डोळेही चांगलेच होते. लेन्स माझ्या हातून पडली होती."

त्यांना आधी कळलंच नाही. "कोनती लेन्स?"

"हीच. तोरणमाळला. ऑक्टोबरात. आतली काच सरकली आहे. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मोबाइलमधून ते दोन्ही फोटो मी कधी काढून टाकले नव्हते. का ठेवले होते ते मला सांगता येणार नाही. मी ते त्यांच्यापुढे धरले. सरांनी मोबाइल हातात घेतला, खिडकीशी गेले. पहिला फोटो मोठा केला, दुसरा मोठा केला. परत पहिला. विटांच्या भिंतीचेही दाखवले.

"म्हणजे मन्हा डोया बरा व्हतात," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. खरीखुरी. वर्गात एखाद्या मुलाचं चित्र जमलं की दिसायची तशी. मग ती हळूहळू विरली आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या नजरेला नजर देता आली नाही.

काकूंनी कप टेबलावर ठेवले. त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत. तेव्हाही आवाज चढवला नाही.

"ऑपरेशनना आदला दिन त्यास्नी घास खादा नही. मन्हा हात धरीसन बशेल व्हतात. आंधया व्हई जासू म्हणेत. आणि डोया तपासा म्हणीसन तूच सांगेल व्हतं ना?"

"हो काकू."

"मंग?"

मी माफी मागितली. माफी मागताना रडू आलं, आणि रडू येतंय याचाच राग आला, कारण त्यामुळे त्या दोघांना माझीच समजूत काढावी लागेल असं वाटलं. पण कुणी समजूत काढली नाही. ते बरंच झालं.

सर म्हणाले, "आते तू घर जाय. माले आते काही बोलनं नही."

मी लेन्स मागितली, दुरुस्तीला पाठवते म्हटलं. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला, पण हातात दिला नाही.

लेन्स मुंबईला दुरुस्तीला गेली, दीड महिन्याने परत आली. मी भिंतीसमोर पुन्हा तपासली. पुष्कळ सुधारली होती, पण अगदी रुंद सोळावर डावा कोपरा अजून किंचित मऊ होता. लेन्सवरचा आकडा विसाच्या पुढे नेला की दोन्ही बाजू सारख्या. मी सरांना फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं आणि नवी घेऊन देते म्हणाले.

"नको," ते म्हणाले. "हाईच पाहिजे."

मी लेन्स पोहोचवायला गेले. त्यांनी दारातच डबा घेतला, उघडून बघितला, मान हलवली. त्यानंतर सात-आठ महिने त्यांचा फोन आला नाही. मी दिवाळीला केला, तेव्हा दोन मिनिटं बोलले, तब्येत विचारली, ठेवला. पूर्वी ते माझा एकेक फोटो मागवून घ्यायचे, आकाश जास्त झालं, ती फांदी मध्ये कशाला, असं कान धरल्यासारखं बोलायचे. आता मी फोटो पाठवले तर फक्त 'छान' असं लिहून यायचं. त्या 'छान'ने मला जितकं लागलं तितकं काकूंच्या बोलण्यानेही लागलं नव्हतं.

या जानेवारीत एका सकाळी सरांचाच फोन आला.

"पथारीवर मिरच्या पडन्यात. येशी का?"

मी सुट्टी टाकली. त्यांना घ्यायला धानोऱ्याला गेले. नंदुरबारबाहेर पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. जमीन दूरवर लाल, मध्ये मिरच्या पसरणाऱ्या बाया, हवेत ठसका. मी गाडीतून उतरून सवयीने त्यांची कॅमेऱ्याची पिशवी उचलायला गेले. सरांनी ती आधीच खांद्याला लावली होती.

ते लेन्स विसावर लावून काम करत होते. वाकून, गुडघ्यावर बसून, मिरच्यांच्या अगदी जवळ जाऊन. एका फोटोसाठी मात्र त्यांनी सोळा लावलं, कारण त्यांना आभाळ हवं होतं. मग कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"डावीकडे कसं शे? खरं सांग."

मी मोठा करून बघितला. "कोपरा मऊ आहे सर. छापला तर दिसेल."

"हां," ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरून विसावर परत काढला.

तासाभराने आम्ही निघालो. वाटेत ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत होते, मी ऐकत होते. मध्ये एकदा मी लेन्सचा विषय काढायला तोंड उघडलं, त्यांनी काच खाली करून बाहेर बघायला सुरुवात केली. मी थांबले. किती वेळा माफी मागायची याचा हिशोब मलाच ठरवता येत नव्हता, आणि त्यांना ती ऐकायची नव्हती.

धानोऱ्याला त्यांच्या घरापुढे गाडी थांबवली. काकू ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. सर पिशवी सांभाळत उतरले, माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "पुढला रविवारले नदीवर जाऊत. सकायले ये." मग आत गेले.

काकूंनी सूप खाली ठेवलं नाही. माझ्याकडे बघून मान हलवली, ओळख दिल्यासारखी, आणि पुन्हा तुरीकडे वळल्या. दरवेळी त्या चहाशिवाय सोडत नसत. मी क्षणभर गाडीतच बसून राहिले, त्या बोलावतील म्हणून. मग गाडी वळवली.